सासवांनो, एवढं विचारा

१८ ऑगस्ट
आज पाथर्डीला माळरान रेडिओच्या केंद्रावर प्रशिक्षणाचा पहिला दिवस. सगळ्या गावांतल्या आम्ही आशा सेविका जमलो होतो. आम्हाला आरोग्याचे संदेश स्वतः तयार करायला शिकवणार आहेत. शिकवायला नगरहून रेश्मा मॅडम आल्यात. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण आयुष्य रेडिओत गेलंय. त्यांनीच सांगितलं, रोज ऐकलेलं-पाहिलेलं लिहून ठेवा, लिहिताना चांगलं-वाईट ठरवू नका. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत सुरुवात करते आहे.

भागिरथीला पहिलं बोलायला लावलं. ती आमच्या शेजारच्या गावची आशा, बोलायला कधी लाजत नाही. उभी राहिली आणि सुरू झाली, “मातामृत्यू टाळण्याच्या दृष्टीने सर्व गरोदर मातांनी लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करावे.” एका दमात. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “भागिरथीताई, तुमची भावजय पोटुशी असती तर हेच तिला कसं सांगितलं असतं?”

भागिरथी म्हणाली, “तिला व्हय? तिला म्हनले असते, अगं ए, चहासंगं नको घेऊ ती गोळी, समदी वाया जाती.”

मॅडमनी तेवढंच रेकॉर्ड करून घेतलं होतं. पुन्हा लावलं. भागिरथी स्वतःचाच आवाज ऐकून पदर तोंडाला लावून बसली. एवढ्याशा गोष्टीतून त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं, एक शब्दही न रागावता.

माझा आवाज मात्र फुटक्या घमेल्यासारखा येतो. ऐकवला नाही मला.

२१ ऑगस्ट
प्रत्येकीनं विषय निवडायचा होता. मी ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाया हा घेतला. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून जातात. बाई पोटुशी असली तरी जाते. गेल्या हंगामात मनकर्णा मावशींची सून पंकजा तिकडेच कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीत, वारली, पोटातल्या बाळासकट. बीपी वाढलं होतं म्हणतात.

मॅडम म्हणाल्या, विषय मोठा आहे, त्यातली एकच गोष्ट घ्या. मी डोकेदुखी, अंधारी आणि सूज घेतली. बीपी वाढल्याच्या खुणा. बाकी सगळं सोडायचं. सोडताना जिवावर आलं. चौरस आहारावर किती छान चार ओळी लिहिल्या होत्या.

२९ ऑगस्ट
संदेश तयार झाला. मागे बासरी, मग माझा आवाज, “ताई, डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर लगेच सांगा.” मला तर तो फारच आवडला. नवऱ्याला, महेंद्रला, ऐकवला. तो जीप पुसता पुसता म्हणाला, “चांगलंय.” एवढंच. त्याला कशाचंच काही वाटत नाही.

मॅडमचा नियम असा, की आपल्याला आवडलं म्हणजे झालं नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांना ऐकवायचं आणि नंतर विचारायचं, काय ऐकलं, आता काय करशील.

३ सप्टेंबर
कपाशीत खुरपणाऱ्या बायांना बांधावर बसवून मोबाईलवर संदेश ऐकवला. मग विचारलं, काय ऐकलं?

“आवाज ग्वाड हाय,” एक म्हणाली.

“ती बासरी लई भारी वाजती,” दुसरी.

काय करायला सांगितलं ते कुणालाच आठवेना. मी चिडून पुन्हा लावला. तेव्हा साळूबाईची सून मोनिका, तिला पाचवा महिना चालू आहे, गवत उपटत हळूच म्हणाली, “ताई, लगीच सांगा म्हनता, पर सांगू कुनाला? आत्याबाईंना डोस्कं दुखतंय म्हनलं तर त्या म्हनत्यात, कामाचा कंटाळा आला.”

साळूबाई तिथंच होती. ती म्हणाली, “मग? आमी न्हाई केलं का पोटात लेकरं घिऊन?” सगळ्या हसल्या. मोनिकाही हसली.

इतके दिवस मेहनत केली ती वाया.

४ सप्टेंबर
सकाळीच मॅडमला फोन केला. म्हटलं, माझं सगळं चुकलं. संदेश सुनांना सांगतोय, पण सुनेच्या हातात काही नाहीच. कोयता खाली ठेव म्हणणारी सासू असते. आपण भलत्याच माणसाशी बोलतोय.

मॅडमनी मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटलं, आता रागावणार. मग म्हणाल्या, “जयमालाताई, हे परवा सगळ्यांसमोर उभं राहून सांगाल?”

चूक केली तर सगळ्यांसमोर सांगायची शिक्षा. असू दे. शाळेतही तसंच होतं.

६ सप्टेंबर
सांगितलं. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. उलट बाया भराभर प्रश्न विचारायला लागल्या आणि सगळे मलाच. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांचा घसा बसलाय म्हणे. पुढच्या वेळी ज्येष्ठमध घेऊन जाईन.

आता सासूशी बोलायचं, तर आवाजही सासूचाच हवा. भागिरथीनं करून बघितलं. तमाशातल्या मावशीसारखं झालं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, खरी सासू शोधा.

माझ्या मनात एकच नाव आलं आणि मी ते बोलले नाही.

१० सप्टेंबर
शेवटी मॅडमला मनकर्णा मावशींबद्दल सांगितलं. त्या खूश होतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं. पहिल्यांदा जाल तेव्हा रेकॉर्डर नेऊ नका. नाही म्हणाल्या तर चहा पिऊन परत या. हो म्हणाल्या तरी त्या कधीही थांबवू शकतात हे सांगा. आणि घरातल्या बाकीच्यांना विचारा.

एवढं जपून कुणी माझ्याशी तरी वागलं असतं का, असं येताना जीपमध्ये वाटत राहिलं.

१२ सप्टेंबर
मावशींकडे गेले होते. त्या अंगणात मूग पाखडत होत्या. मी आढेवेढे घेत विषय काढला. सूप चालतच राहिलं. मग आपणहून बोलायला लागल्या.

“डोस्क्याला फडकं बांधून ऊस तोडत हुती गं ती. मला वाटलं, ऊन लागू नये म्हनून बांधलंय. त्वांड सुजलं हुतं, तर मी बायांना म्हनले, अंग धरलंय, आवंदा पोरगा हुनार. म्या इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. झटका आला तवा फडात पडली.”

सूप थांबलं.

“व्हय, बोलते मी रेडिओत,” मावशी म्हणाल्या. “समदं सांगते.”

अमृतला, म्हणजे त्यांच्या मुलाला विचारायचं का म्हटलं, तर म्हणाल्या, “त्येला काय इचारायचं. तो बोलतच न्हाई त्यावर.” तो ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. मीही जास्त ताणून धरलं नाही. मावशी हो म्हणाल्या यातच मला आनंद झाला होता.

१७ सप्टेंबर
रेकॉर्डिंग झालं! मावशी केंद्रावर आल्या. माइककडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून बोलल्या. फडक्याचं सगळं सांगितलं. भागिरथी ढसाढसा रडली. केंद्र सांभाळणारे सुनील सर म्हणाले, घटस्थापनेलाच लावू, आधीपासून जाहिरात करू. मी किती दिवसांनी इतकी खूश आहे.

मॅडम तेवढ्या गप्प होत्या. घसा अजून बरा नसावा.

२० सप्टेंबर
अमृत घरी आला होता. दारातच उभा राहिला. रेडिओवरची जाहिरात त्यानं चहाच्या टपरीवर ऐकली.

“आशाताई, माझी बायको मेली ती तुमी गावाला ऐकवनार व्हय? मदी गानी लावून?”

मी आत या म्हटलं, पाणी पुढं केलं. त्यानं घेतलं नाही. महेंद्र मध्ये पडला, त्याला हात धरून बाहेर घेऊन गेला, कितीतरी वेळ दोघं जीपपाशी उभे होते. काय बोलले ते महेंद्रनं सांगितलं नाही.

मी मॅडमला फोन केला.

२१ सप्टेंबर
मॅडम सकाळच्या एसटीनं नगरहून आल्या. मला म्हणाल्या, चला. अमृतच्या घरी जाऊन खाली सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, “तुम्हाला विचारायला हवं होतं. ते पाहणं माझं काम होतं, यांचं नाही. तुम्ही नाही म्हणाल तर हा संदेश लागणार नाही.”

तो म्हणाला, “न्हाई.”

मॅडमनी लगेच सुनील सरांना फोन लावला, सगळ्यांसमोर. सर तिकडून जोरात बोलत होते, जाहिरात झाली, आता काय लावू. मॅडम म्हणाल्या, “गाणं लावा.” मग पिशवीतून कार्ड काढून अमृतच्या हातात दिलं, “हे मूळ रेकॉर्डिंग. आमच्याकडे दुसरं राहणार नाही.”

खरं लिहायचं तर मला मॅडमचा राग आला. त्यांचं काय जातंय, त्या नगरला परत जाणार. इथल्या बाया महिन्याभरात उसाला निघतील.

परत येताना मी मॅडमच्या पुढं पुढं चालले. मॅडमनी स्टँडवर विचारलं, “ते ऐकून भागिरथीताई रडल्या ना? नंतर तुम्ही त्यांना विचारलंत, की आता काय करशील?”

विचारलं होतं. भागिरथी म्हणाली होती, काय करणार, बिचारीचं नशीब.

“तेच मला सतावत होतं,” मॅडम म्हणाल्या. “बाया रडल्या असत्या आणि रडून कामाला लागल्या असत्या.”

गाडी लागली. त्या खिडकीतून हात हलवत गेल्या. मला त्यांचा राग करायचा होता, तो टिकलाच नाही.

२५ सप्टेंबर
मनकर्णा मावशी स्वतः घरी आल्या. उन्हातून चालत.

“जयमाला, पंकजाचं नाव न्हाई घ्यायचं. अमृतचं बरुबर हाय. पर दुसऱ्या सासवांना मी काई सांगूच नगं का?”

“काय सांगाल मावशी?”

“सांगन की, इचार म्हनून.”

मी तसंच मॅडमला फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, झाला तुमचा संदेश.

२९ सप्टेंबर
रेकॉर्डिंग केंद्रावर नाही, मावशींच्या चुलीपुढंच केलं. मॅडमनी हेडफोन माझ्या कानाला लावले, म्हणाल्या माझा घसा ठीक नाही, आज तुम्हीच घ्या. त्यांना बोलायचं तर काहीच नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं, तरी मी वाद घातला नाही. मावशींना सांगितलं, समोर साळूबाई बसलीय असं समजा आणि भाकरी थापत थापत बोला. भाकरीचा आवाज राहू दिला. बासरी नाही. अमृत बाहेर ट्रॅक्टरपाशी काहीतरी ठोकत होता, आम्ही सुरू केल्यावर ठोकायचा थांबला.

मावशी बोलल्या ते इथं उतरवून ठेवते:

“अगं बाई, ऐक. मी बी सासूच हाय. आज भाकरी थापताना पोटुशा सुनंला इचार, डोस्कं दुखतंय का? डोळ्यापुढं अंधारी येती का? त्वांड-हात सुजल्यात का? यातल्या एकाला जरी व्हय म्हनली, तर कोयता ठिव खाली. त्याच दिवशी दवाखान्यात ने, बीपी बघायला लाव. आपन इचारल्याबिगर सून सांगत न्हाई. तवा आपनच इचारायचं.”

संपल्यावर मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. जळली होती. मॅडमनी तीच मागून घेतली आणि चटणीशी खाल्ली.

निघताना अमृत आडवा आला. म्हणाला, “ह्यात पंकजा न्हाई ना?” मी नाही म्हटलं. “मला मोबाईलवर पाठवा.” पाठवला. आता हाही बंद करायला लावणार बहुतेक.

२ ऑक्टोबर
सकाळी विहारात वंदना. सगळं गाव इकडं-तिकडं, दसरा आणि धम्मचक्र दिन एकदमच. दुपारी बांधावरच्या त्याच बायांना संदेश ऐकवला. काय ऐकलं विचारलं तर साळूबाईच म्हणाली, “ती भाकर थापणारी म्हनती, सुनंला इचार.” आणि मग, “मनकर्णा हाय न्हवं ती?” कुणी हसलं नाही.

अमृतचा अजून काही निरोप नाही.

१३ ऑक्टोबर
आजपासून संदेश लागायला लागला. सकाळ, दुपार, सांज. महेंद्र म्हणतो जीपमधली माणसं तो लागला की गप्प होतात. म्हणजे जीपमध्ये तो हेच केंद्र लावतो तर. मला वाटायचं गाणी लावतो.

२७ ऑक्टोबर
ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. चौकात ट्रॅक्टर उभे, त्यावर गाद्या, भांडी, कोंबड्या, शेळ्या. मोनिकाही निघाली. मी साळूबाईला कालपासून विनवत होते, हिला ठेवा. ती म्हणाली, “हितं कुनाच्या भरवशावर ठिवू? घराला मानूस न्हाई. माझ्या डोळ्याम्होरं तरी राहील.” तिचंही खोटं नव्हतं. मोनिकाचं तपासणीचं कार्ड पिशवीत आहे ना ते बघितलं, जवळचा सरकारी दवाखाना विचारून ठेवा म्हटलं. आणखी काय करू शकत होते?

त्यांचा ट्रॅक्टर अमृत चालवत होता. मी हात केला, त्यानं मान हलवली. अजून राग असेल.

घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि बसकणच मारली. आपला रेडिओ पाथर्डीच्या घाटापलीकडं ऐकू येत नाही. ज्यांच्यासाठी केलं त्या सगळ्या कऱ्हाडच्या पुढं गेल्या. तिकडं कोण लावणार? इतकं साधं मला आधी कसं सुचलं नाही.

३ नोव्हेंबर
मॅडमला ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. आपण टोळ्यांच्या मोबाईलवर पाठवायला हवं होतं. आता पाठवू.” त्यांनी चुकलं तर चुकलं म्हटलं, सारवासारव नाही. आम्ही मुकादमांचे नंबर गोळा करतोय. कुणी उचलतं, कुणी नाही. भागिरथी तर त्यांना दम देऊन पाठवते.

१९ नोव्हेंबर
कर्जतच्या आशांना हेच शिकवायचं आहे आणि मॅडमनी माझं नाव दिलंय. मी विचारलं, तुमचा घसा इतका खराब आहे का, डॉक्टरला दाखवा ना. त्या फोनवर इतक्या हसल्या की मला वाईटच वाटलं. एवढं हसल्यावर घसा आणखी बसणार.

जाणार आहे. महेंद्र म्हणाला, सोडायला मी येतो. त्या दिवशीचा धंदा बुडेल म्हटलं तर म्हणाला, बुडू दे.

९ डिसेंबर
आज जे झालं ते सगळं लिहिते.

दुपारी लसीकरण आटोपून येत होते, अनोळखी नंबरवरून फोन. साळूबाई. आधी नुसती रडत होती. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

“ताई, मोनिका बाळंत झाली. पोरगी झाली. लई बारकी हाय, पेटीत ठिवलीय, पर डाक्तर म्हनत्यात जगंल. मोनिका बी शुद्धीवर हाय.”

मग तिनं सांगितलं. परवा सांजेला ती कोपीवर भाकरी थापत होती. बाहेर ट्रॅक्टरवर मनकर्णेचा आवाज लागला. “रोज लागतोय की. अमृत लावतो, गान्याच्या मदी. पयल्या दिसापसनं. एकदा मुकादम म्हनला बंद कर, तर गाडीच बंद करून बसला.”

अमृत? मी तिला पुन्हा विचारलं. अमृतच.

“रोज ऐकून कान किटले हुते, ताई. परवा मोनिका चुलीम्होरं बसली हुती, तिच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या दिसल्या. म्हनलं इचारून तर बगू. तर ती बोलंना. ती रडायलाच लागली. म्हनली, चार दिस झालं आत्याबाई, डोळ्यापुढं काजवं चमकत्यात.”

अमृतनं ऊस भरलेली ट्रॉली तिथंच सोडली आणि नुसतं ट्रॅक्टरचं डोकं घेऊन दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून रुग्णवाहिकेनं मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर दोघी गेल्या असत्या.

मी मॅडमला कळवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मनकर्णाबाईंना फोनवर सांगू नका. जाऊन सांगा.”

गेले. मावशी ओट्यावर तूर निवडत होत्या. सगळं सांगितलं, अमृतचंही. मुलाचं ऐकताना हात थांबला, पण विचारलं ते दुसरंच.

“साळूनं इचारल्याबरुबर पोरीनं सांगितलं?”

“हो.”

“लगीच?”

“लगेच, मावशी.”

त्यांनी तुरीतला एक खडा उचलून रस्त्याकडं टाकला. मग म्हणाल्या, “पंकजानं बी सांगितलं असतं.”

मला वाटलं काहीतरी म्हणावं, तुमची चूक नव्हती वगैरे. पण म्हणाले नाही. ताटातली तूर मीही निवडायला घेतली.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “लाव फोन तिला.”

साळूबाईनं उचलला तशी मी फोन मावशींच्या हातात दिला. “साळू, मी मनकर्णा.” तिकडून रडणं ऐकू येत होतं. मावशी तिचं रडणं संपेपर्यंत थांबल्या. मग बाळाचं विचारलं, दूध ओढते का, मोनिका छातीशी धरते का, नर्सबाई सांगतील तसं अंगाला अंग लावून धरायचं. सगळं विचारून झालं. मला वाटलं आता ठेवतील.

त्या म्हणाल्या, “आन् तू गं? तू कशी हाईस? जेवलीस का सकाळपसनं?”

तिकडं साळूबाई बोलायला लागली, ती थांबेचना. मावशी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून नुसतं “व्हय... व्हय गं” करत होत्या. मी तुरीचं ताट उचललं आणि अंगणात जाऊन बसले.